नवऱ्याच्या वाट्याची ताडी

न्वाकूचा नवरा मेला, तरी तिने त्याला ताडी पाजणं सोडलं नाही. रोज सकाळी अंगण झाडून झालं की ती तुंबा भरायची, उदालाच्या झाडाखालच्या त्याच्या थडग्यापाशी जायची आणि उशाकडच्या मातीवर धार धरायची. "घे, ढोस," म्हणायची. "मेल्यावर तरी तुझी तहान भागेल असं वाटलं होतं मला." माती जरा फेसाळायची, ताडी आत ओढून घ्यायची आणि ओला डाग तेवढा मागे राहायचा. तो डाग बघितल्याशिवाय न्वाकू चूल पेटवायची नाही.

मी तिची शेजारीण, ओजिउगो. थोरली मुलगी झाल्यापासून सगळं गाव मला एबेलेची आई म्हणतं. मी मासे धुरी देऊन सुकवते आणि ओनिचाच्या बाजाराला पाठवते, त्यामुळे माझ्या अंगाला कायम धुराचा वास. न्वाकू माझ्याहून बरीच मोठी होती. एका भावकीत दिलेल्या बायका आमच्याकडे एकमेकींना सवतच म्हणतात, नवरे वेगळे असले तरी. तेव्हा ती माझी सवत. आमच्या दोन अंगणांच्या मधे कसाव्याची एक ओळ, आणि त्या ओळीवरून आम्ही मीठ आणि शिव्या दोन्ही देत-घेत असू.

थडग्यावर ओतणं हे खरं तर मुलाचं काम, बाईचं नव्हे. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी तिला एकदा तसं सांगून पाहिलं. "तो जिवंत असताना रोज रात्री त्याला उचलून आत आणायचं काम कुणाचं होतं?" तिने विचारलं. म्हातारे आपापल्या काठ्या घेऊन घरी गेले. फादरही एकदा बोलले. न्वाकू दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायची आणि घरी येऊन थडग्यावर ओतायची. फादरनी नाद सोडला.

ती पलीकडच्या काठावरची. होडीतून नवरी होऊन आली आणि उतरताना पाय घसरून चिखलात बसली, म्हणून सासूने तिला म्हणे वर्षभर 'मांगूर' म्हणून हाक मारली. त्याच सासूशी पुढे तिचं इतकं जमलं की नवऱ्याविरुद्ध दोघी एक व्हायच्या. मग बियाफ्राची लढाई आली. ओनिचाकडून तोफांचे आवाज यायला लागले आणि गाव पळालं. सासूला चालवत नव्हतं. न्वाकूच्या नवऱ्याने आईला पाठीवर घेतलं. वाटेत कुठेतरी, त्याच्या पाठीवरच, ती गेली. रस्त्याकडेला घाईघाईने खड्डा खणला, वर फांद्या टाकल्या आणि पुन्हा पळाले. लढाई संपल्यावर नवरा-बायको तो खड्डा शोधत कितीतरी दिवस हिंडले. झाडं तोडलेली होती, रस्ता रुंद झाला होता. काही सापडलं नाही.

तेव्हापासून न्वाकूला मरणाची भीती नव्हती, परक्या मातीत पडण्याची होती. नवऱ्याच्या थडग्याशेजारी डाव्या अंगाला तिने आपली जागा राखून ठेवली होती. तिथे ती मिरचीचं रोपसुद्धा लावू द्यायची नाही. माझी कोंबडी तिथे उकरायला गेली की दगड यायचा, कोंबडीलाही आणि मलाही.

आमचं ओग्बेमिरी दोन पाण्यांच्या मधे आहे. पुढे ओरिमिली, तिला बाकीचं जग नायजर म्हणतं. मागे शेतं, आणि शेतांच्या पलीकडे तळं. मधल्या उंचवट्यावर आमची घरं. वर लोकोजाला दोन मोठ्या नद्या एकत्र होतात आणि अर्ध्या देशाचं पाणी आमच्या दारावरून समुद्राकडे जातं. अबुजात मंत्र्याने हात धुतले की ते पाणीही इथूनच जातं. मंत्री मात्र कधी आला नाही.

गावातली बातमी सांगायचं काम न्वाकूच्या मुलाचं, आनेनेचं. तो आमचा दवंडीवाला. उंच, वाकलेला, बोलताना नेहमी दुसऱ्याची माफी मागतोय असा चेहरा. पण ओगेने हातात आली की वेगळाच माणूस. ओगेने म्हणजे आमची लोखंडी घंटा, काठीने वाजवायची. ती दवंडीवाल्यानेच धरायची, आणि बाईने तर तिला हातही लावायचा नाही. न्वाकू इतकी तोंडाळ, पण खुंटीवरची ओगेने झाडताना तीसुद्धा फडकं लांबून मारायची.

दवंडीची सुरुवात ठरलेली. आनेने चौकात तीन ठोके द्यायचा आणि ओरडायचा, "ऐका हो ओग्बेमिरीकर! तोंड माझं, शब्द इग्वेंचा!" इग्वे म्हणजे आमचे राजे. कधी शब्द इग्वेंचा असायचा, कधी भावकीच्या म्हाताऱ्यांचा, कधी कौन्सिलचा. शब्द कुणाचा हे ऐकून मगच लोक ठरवायचे की हातातलं काम खाली ठेवायचं की नाही. दवंडीवाल्याने आपला स्वतःचा शब्द कधीच सांगायचा नाही. त्याला फक्त तोंड असतं.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी पहिल्यांदा असा निरोप आला की वरच्या धरणाची दारं उघडलीत, गाव सोडा. शब्द कौन्सिलचा होता आणि इग्वेंचाही. आम्ही सोडलं. कसावा कच्चाच उपटला, बकऱ्या अर्ध्या किमतीला विकल्या, वरच्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाऊन डासांत झोपलो. गेली नाही ती एकटी न्वाकू. "ओरिमिली माझ्या ओळखीची आहे," म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या पायाशी येते, पाय धुते आणि परत जाते. त्याच्या अंगावर पाय टाकायची तिची हिंमत नाही." त्याने ओझोची पदवी घेतली होती, गावातला मानाचा माणूस. आणि झालंही तसंच. पाणी उदालाच्या मुळांपर्यंत आलं, थडग्याच्या पायाला लागलं आणि उतरलं. आम्ही परतलो तेव्हा न्वाकू ओटीवर बसून एगुसीच्या, म्हणजे रानकलिंगडाच्या, बिया सोलत होती. आमच्या घरांचे पत्रे होडीतून आलेले चोर घेऊन गेले होते. माझ्या धुरीच्या जाळ्यासुद्धा गेल्या.

"आली का गं सवत, सहल करून?" तिने मला विचारलं. मला तिला नदीत बुडवावीशी वाटली.

आनेनेचं तर हसंच झालं. तो दिसला की पोरंटोरं ओरडायची, "तोंड आनेनेचं, शब्द इग्वेंचा, आणि पत्रे चोरांचे!" तो बिचारा मान खाली घालून जायचा.

पुढच्या वर्षी पाऊस संपत आला आणि नदीचा वास बदलला. हे कसं सांगायचं मला कळत नाही. एरवी तिला माशांचा आणि ओल्या गवताचा वास असतो. त्या दिवसांत तिला जुन्या, बंद पेटीसारखा वास येऊ लागला. मुळासकट उपटलेली गवताची बेटं वाहत येत होती, एकदा तर एका बेटावर उभी बकरी गेली, ओरडतही नव्हती. मासे इतके लागायला लागले की हाताने धरावे. बाकीच्या बायका खूश होत्या. मी जाळ्यांवर मासे मांडताना नदीकडे बघत होते. मासे आपण होऊन काठाला येतात तेव्हा ते कशापासून तरी पळत असतात, असं माझ्या मनात आलं आणि मग ते जाईना.

कौन्सिलचा माणूस मोटारसायकलवर कर्णा घेऊन आला. धरणाचं पाणी सोडलंय, गेल्या खेपेपेक्षा जास्त आहे, दोन दिवसांत गाव रिकामं करा, वर शाळेत सोय केली आहे. आमचे इग्वे राहतात ओनिचात, मुलाच्या बंगल्यात. त्यांचाही फोन आला. आनेनेने ओगेने घेतली आणि गावभर फिरला. मी धुरीपाशी उभी राहून ऐकत होते. एकही दार उघडलं नाही. एक माणूस तेवढा घरातूनच ओरडला, "आनेने, पत्रे आधीच काढून ठेवू का चोरांसाठी?" आणि सगळी गल्ली हसली.

हसणं संपल्यावर जे झालं ते मला आजही आठवतं. आमच्या बाजूच्या प्रत्येक दारातून एकेक डोकं बाहेर आलं आणि न्वाकूच्या ओटीकडे वळलं. ती बिया सोलत होती. ती बसली आहे हे बघून डोकी पुन्हा आत गेली. माझंही गेलं.

संध्याकाळी आनेने आईसमोर उकिडवा बसला. कसाव्याच्या ओळीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मी ऐकायलाच उभी होते.

"आई, तू उठलीस तर गाव उठेल."

"मी काय गावाचा कोंबडा आहे?"

"लोक तुझ्याकडे बघतात. शब्द कुणाचाही असो, तुझी ओटी बघतात."

"बघू देत. माझं म्हातारीचं तोंड बघून कुणाचं पोट भरत असेल तर भरू दे."

"आई, या वेळी खरं आहे."

"गेल्या वेळीही खरंच होतं ना रे तुझं?"

आनेनेने सुपातली एक बी उचलून परत टाकली. मग हळू म्हणाला, "मला भीती वाटते."

न्वाकूने सूप बाजूला ठेवलं. तिचा आवाज एकदम उतरला. "मलाही वाटते, बाळा. तुला पाण्याची वाटते, मला त्या शाळेची. तिथे मी मेले तर काय करशील? कुंपणाशेजारी खड्डा. वर एक फांदी. पुढच्या वर्षी तिथे शाळेचा संडास बांधतील, आणि तू हातात तुंबा घेऊन विचारत फिरशील, माझी आई कुठे ठेवली होती हो? तुझ्या बापाला मी तसं फिरताना पाहिलंय. मी त्याच्या मागून चालले आहे."

"मी नाही तुला तिथे ठेवणार."

"तोही हेच म्हणाला होता त्याच्या आईला. जा, झोप जा."

मी घरात आले. भांडी वर आढ्याला टांगली, तांदूळ माळ्यावर चढवला, खाटेखाली विटा घातल्या. हे आम्ही दर वर्षी करतो. मग मी खाटेवर बसले आणि मला रडू आलं, कारण मला निघायचं होतं आणि निघता येत नव्हतं. पहिलं बोचकं कोण उचलणार? जो उचलेल त्याला वर्षभर हसतील, आणि त्याचे पत्रे जातील. माणसं बुडायला तयार असतात, हसं करून घ्यायला नाही. मीही त्यांतलीच.

दुसऱ्या दिवशी नदी चढली, पण फार नाही. काठावर गावकऱ्यांनी काठी रोवली होती, ती अर्धीसुद्धा बुडली नव्हती. "बघा!" म्हणत लोक काठीपाशी जाऊन परत येत होते. सगळं गाव नदीकडे तोंड करून उभं होतं. मी धुरीच्या खालची राख काढायला वाकले तर राखेत साप. एरवी साप माणूस दिसला की निघून जातो. हा गेला नाही. मान वर करून माझ्याकडे बघत राहिला आणि ऊब सोडायला तयार होईना. मी त्याला मारलं नाही. मी काठी टाकून मागे सरकले आणि तेव्हा मला जाणवलं की तो नदीकडून नाही, मागच्या शेतांकडून आला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? साप आला, पळा? एबेलेच्या आईला सापाची भीती वाटली म्हणून गाव हललं असतं होय?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत उभी होते आणि न्वाकू अंगण झाडत होती. झाडून झालं. तुंबा भरून ती थडग्यापाशी गेली.

"घे, ढोस," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती सरळ झाली नाही. तशीच वाकून उभी. मला वाटलं, पाठीत उसण भरली. मी कसावा ओलांडून गेले. "काय गं, काय झालं?"

तिने बोटाने दाखवलं. ताडी मातीवर उभी होती. पांढरी, फेसासकट. एक मुंगी त्यात तरंगत होती. आम्ही दोघी बघत राहिलो, आता जिरेल, मग जिरेल. ती जिरली नाही. मग थडग्याच्या कडेला मातीतून एक बारीक बुडबुडा वर आला आणि फुटला.

न्वाकू गुडघ्यावर बसली. तिने तळहात मातीवर ठेवला, ताप बघायला पोराच्या कपाळाला लावतात तसा. हात उचलला तेव्हा त्याखालच्या ठशात पाणी भरलं. नदीचं पाणी अजून काठीच्या खाली होतं. हे पाणी मागून आलं होतं, तळ्याकडून, शेतांखालून, आमच्या पायाखालच्या मातीतून. कुणीच तिकडे बघितलं नव्हतं.

"तो पीत नाही," न्वाकू म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी तिला एवढ्या वर्षांत घाबरलेली पाहिली नव्हती. "सवत, तो ताडीला नाही म्हणत नाही. तो इथे नाहीच आहे. उठून गेलाय तो."

मग तिने मान वळवली आणि डाव्या अंगाच्या आपल्या जागेकडे पाहिलं. तिथे पाय ठेवून पाहिला. पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिने पाय काढला, लुगड्याला पुसला आणि मुलाला हाक मारली.

"आनेने! ये, पाठ दे."

आनेने धावत आला. आईकडे, मग थडग्याकडे बघितलं. त्याला एक शब्द विचारावा लागला नाही. ओगेने गळ्यात अडकवली, आईसमोर पाठ करून वाकला, आणि न्वाकू त्याच्या पाठीवर चढली. तिचे सुके पाय त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. तिने डोळे मिटले होते. मला कळलं ती कुणाची पाठ आठवतेय ते.

चौकात तो थांबला. दोन्ही हात मागे, आईला धरलेले. ओगेने छातीवर लोंबतेय आणि वाजवायला हात नाही. खाली ठेवावं तर चिखल. लोक दारात आले होते. न्वाकू ओटीवर नाही, एवढंच त्यांना दिसत होतं.

"आई, काठी कमरेला आहे," आनेने म्हणाला. "घे."

"मी?"

"घे, आई."

न्वाकूने त्याच्या कमरेची काठी ओढली, दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावरून ओगेने धरली. एक म्हातारा "अरे, अरे" म्हणाला. तिने ठोका दिला. कधी वाजवलेली नव्हती, त्यामुळे तो वेडावाकडा पडला, फुटक्या भांड्यासारखा आवाज. तिने आणखी दोन दिले. नेहमी तीन ठोक्यांनंतर आनेनेचं तोंड उघडायचं. या वेळी तो गप्प राहिला.

"ऐका रे!" न्वाकू ओरडली. तिचा आवाज चिरका झाला होता. "तोंड माझं, आणि शब्दही माझा. पाणी मागून आलंय. माझा नवरा निघून गेलाय. मी चाललेय. तुम्ही कुणाची वाट बघताय?"

त्यानंतर कुणी हसलं नाही. मी घरात गेले, बोचकं बांधायला हात चालेनात, म्हणून एक धुरीची जाळी आणि एक पातेलं तेवढं उचललं आणि निघाले. सगळं गाव निघालं. शेतातून जाणारी वाट तोवर गुडघ्याएवढ्या पाण्यात होती, आणि ते पाणी वाहत नव्हतं, नुसतं वाढत होतं. पुढे आनेने आणि त्याच्या पाठीवरून येणारे ते वेडेवाकडे ठोके. पाण्यात वाट दिसत नव्हती. आम्ही आवाजामागून चाललो. कुठे तो आवाज थांबला की माझे पायही थांबायचे. पोरं खांद्यावर होती, म्हातारे टोपल्यांत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या रस्त्यावरून मागे वळून पाहिलं. उदालाचा शेंडा आणि चर्चचं छप्पर सोडून काही उरलं नव्हतं. आणखी एखादी सकाळ आम्ही काठीकडे बघत उभे राहिलो असतो, तर शेतातली ती एकच वाट बुडाली असती.

ओग्बेमिरीतलं एकही माणूस पाण्यात गेलं नाही. गेली ती न्वाकू, शाळेतच, ताप येऊन. पाणी अजून उतरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, "सवत, खुणेला काहीतरी लाव. फांदी लावू नका." अंगणात तिची जागा तेव्हा दोन पुरुष खोल पाण्याखाली होती. शाळेच्या कुंपणाशेजारी तिथल्या लोकांनी जागा दिली. भले लोक होते. गावात माणूस मेलं की दवंडी आनेनेने द्यायची, पण त्या दिवशी त्याने ओगेने खुंटीवरून काढलीच नाही. खुणेला मी माझी धुरीची जाळी पुरली. तेवढंच माझ्याकडे होतं.

आनेने आता दर महिन्याला तिथे जातो आणि ताडी ओततो. वरची माती लाल आहे, कोरडी. तो म्हणतो, आई बाबांपेक्षाही भराभर पिते. असं म्हणून हसायला जातो आणि त्याला जमत नाही.

पाणी उतरल्यावर आम्ही गावात परतलो, आणि काही वर्षांनी माझा नवरा गेला. त्याला आमच्या अंगणात ठेवला आणि शेजारी माझी जागा राखली. मी न्वाकूला हसायची, आणि आता मीच रोज सकाळी तुंबा भरते. लोकांना वाटतं प्रेमाने. प्रेम आहेच, पण मी ओतते ती माती बघायला. ओला डाग दिसला की मी चूल पेटवते.

आता भावकीतली सगळ्यांत म्हातारी बाई मीच आहे. हे मला या पावसाळ्यात कळलं. कौन्सिलचा माणूस येऊन गेला, इग्वेंचा फोन आला, आनेने ओगेने वाजवत गावभर फिरला. मी ओटीवर भेंडी चिरत होते. मान वर केली तर प्रत्येक दारातून एकेक डोकं बाहेर आलेलं, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातली भेंडी खाली पडली. मला उठायचं नव्हतं. गुडघे चालत नाहीत, वर्षभर खोकला आहे, आणि या खेपेला वर गेले तर खाली येणार नाही हे मला माहीत आहे. ती लाल माती मी बघितली आहे. मला माझ्या नवऱ्याजवळ पडायचं आहे. दोन दिवस मी ओटीवरून हलले नाही, आणि गावही हललं नाही. न्वाकू त्या दोन दिवसांत मनात काय घेऊन बसली असेल ते मला आत्ता कळलं.

आज सकाळी मी धार धरली. "घ्या," म्हटलं.

ताडी मातीवर उभी राहिली.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मागे पावलं वाजली. आनेने होता. त्याचेही केस आता पिकलेत. त्याने मातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाठ करून वाकला.

"काकू, चला," तो म्हणाला. "तुमचं वजन आईपेक्षा कमीच असेल."

"तुझी आई हाडांची मोळी होती," मी म्हणाले. "मी चांगली खाल्लेली बाई आहे. पाडलंस तर बघ."

दारांतून डोकी बाहेर येत होती. मी डाव्या अंगाच्या माझ्या जागेकडे एकदा बघून घेतलं. मग आनेनेच्या गळ्यात हात टाकले.

"ती ओगेने इकडे दे," मी म्हणाले.